झाकणावरचा थेंब

माझे यजमान खालापूरच्या कारखान्यात खाऱ्या पाण्याची वाफ करून गोडं पाणी काढायचे. तापलेलं पाणी कमी दाबाच्या टाकीत शिरलं की एकदम उकळतं, वाफेबरोबर खारे थेंब उडतात आणि गोडं पाणी बिघडतं. त्या थेंबांशी ह्यांचं वैरच. घरी कर्जतला मी मिठाच्या पाण्यात भुईमुगाच्या शेंगा उकडल्या, तरी म्हणायचे, "गॅस बारीक कर गं, झाकण खारट होतंय."

आता डॉक्टरांनी ह्यांचं मीठ बंद केलंय. परवा नातवंडांसाठी शेंगा उकडत ठेवल्या, तर हे झाकणाचा थेंब बोटावर घेऊन चाटत होते. मला बघून ओशाळले. मी पुढे झाले आणि गॅस मोठा केला.