मांडीवर नाही

पार्कात त्यांना सगळे मास्तरीण म्हणतात. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने काटक, केस मागे घट्ट बांधलेले, पायात रबरी तळव्यांचे बूट. लहान मुलांच्या ‘सुरवंट’ नावाच्या गाडीवर त्या अकरा वर्षं काम करताहेत. बारा डब्यांची हिरवी गाडी, पुढे दोन बटाट्याएवढे डोळे. एक चढ चढते, वरून सुटते, तीन वळणं घेते आणि पुन्हा फलाटावर येऊन थांबते. सगळा मिळून दीड मिनिटाचा खेळ. त्या दीड मिनिटासाठी मास्तरीणबाई माणसांना बसवण्यात पाच मिनिटं घालवतात आणि रांगेतले लोक त्यांच्या नावाने बोटं मोडत उभे असतात.

मीही मोडत होते. पाऊण तास रांगेत उभं राहून माझी चार वर्षांची लेक रडकुंडीला आली होती. अखेर नंबर लागला, तर बाईंनी तिला उंचीच्या पट्टीपाशी उभं केलं, हनुवटी सरळ केली आणि बूट काढायला लावले.

“एवढं काय त्यात?” मी म्हटलं. “बघूनच कळतंय की.”

“मलाही कळतंय. अठ्ठ्याण्णव. पण पट्टीला लावल्याशिवाय लिहिता येत नाही.” त्यांनी मोजलं. अठ्ठ्याण्णव सेंटिमीटरच निघाले. “मोठ्या माणसासोबत बसायचं. ही आतल्या बाजूला, तुम्ही बाहेरच्या.”

“तिला बाहेरून जास्त दिसेल हो.”

“तिन्ही वळणं एकाच अंगाला आहेत, ताई. तुम्ही आत बसलात तर वळणावर तिच्यावर जाऊन पडाल. तुमचं वजन तिला झेपणार आहे का?”

मागच्या डब्यातले एक गलेलठ्ठ गृहस्थ हसले. मी बाहेरच्या बाजूला बसले.

दोघींसाठी मिळून एकच लोखंडी दांडा होता. तो खाली आला आणि माझ्या मांड्यांवर टेकून थांबला. लेकीच्या मांड्या आणि दांडा यांच्यातून मात्र माझी मूठ सहज गेली असती. म्हणून लहान मुलांना कमरेला वेगळा पट्टा होता, सीटलाच जोडलेला. मास्तरीणबाईंनी त्याचं बक्कल लावलं, एकदा ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

“मांडीवर घ्यायचं नाही,” त्या म्हणाल्या. “रडली तरी नाही. काही झालं तरी मांडीवर नाही.”

मी मान डोलावली. दुसऱ्यांसाठी केलेल्या सूचनांना आपण डोलावतो, तशी.

गाडी चढाला लागली. खालून साखळीचा खडखड आवाज येऊ लागला. फलाट खाली गेला, झाडांचे शेंडे बरोबरीला आले, आणि लेकीने बाजूला वाकून खाली पाहिलं. तिचा चेहरा एका क्षणात बदलला. “आई, मला उतरव! आई, घे ना मला!” दोन्ही हात पसरून ती किंचाळायला लागली. श्वास अडकेपर्यंत रडत होती. गेल्या वर्षी तापात तिला एकदा झटका आला होता, तेव्हापासून तिचा श्वास अडकला की माझं डोकं चालेनासं होतं.

बक्कलावरचं लाल बटण माझ्याच बोटाने दाबलं. तिला काखेत धरून मी वर ओढलं. फ्रॉक कुठेतरी अडकला, टर्रकन आवाज झाला, पण ती आली. दांड्याच्या वरून माझ्या मांडीवर आली आणि गळ्याला मिठी मारून बसली. मला हायसं वाटलं. माझ्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात कुठे असणार?

आणि गचका बसून गाडी थांबली.

पहिले दोन डबे माथ्यावरून पलीकडे वाकले होते. आम्ही चौथ्यात होतो. मला तिथून पुढची उतरण दिसली, आणि तिच्या पायथ्याशी पहिलं वळण. मग माझं लक्ष लेकीकडे गेलं. दांडा तिच्या पोटाखाली होता. तिला धरून ठेवायला माझे दोन हात सोडले तर काहीही नव्हतं.

“चला, वर हवा तरी छान आहे,” मागून ते गृहस्थ म्हणाले. कोणी हसलं नाही.

बाजूच्या अरुंद लोखंडी जिन्यावरून मास्तरीणबाई वर येत होत्या. धावत नव्हत्या. एक हात कठड्यावर, नजर आमच्यावर.

“ताई, तिच्या काखेत दोन्ही हात घाला. घट्ट धरा. मी येतेय.”

“ती घाबरलीय हो!”

“घाबरू दे. तुम्ही हात सोडू नका.”

त्या पोचल्या. लेकीला माझ्याकडून घेतलं, सीटवर बसवलं, बक्कल लावलं, दोनदा ओढलं. पुढून मागे एकेक दांडा चावीने उघडत त्यांनी सगळ्यांना जिन्याने खाली पाठवलं. एकेचाळीस पायऱ्या. मी मोजल्या, कारण काहीतरी मोजल्याशिवाय माझे पाय हलत नव्हते.

खाली मॅनेजर उभा होता. तरुण, कमरेला वॉकीटॉकी, कपाळावर घाम.

“मास्तरीण, परत? हंगामातली तिसरी वेळ. एकदा गाडी अडकली की तास जातो, माहितीये ना? मागे टोपीसाठी थांबवलीत.”

“टोपीसाठी नाही, साहेब. टोपी धरायला उभ्या राहिलेल्या माणसासाठी.”

“आणि आज?”

“आज चौथ्या डब्यात मुलाचं डोकं वर आलं.”

हे मला नंतर समजलं. गाडी चढताना त्या डोक्यांच्या रांगेकडे पाहत उभ्या असतात. मोठं, लहान, मोठं, लहान. फलाटावरून निघताना दिसलेली रांग माथ्यापर्यंत तशीच दिसायला हवी. माथ्यापलीकडे गेलेली गाडी कुठल्याच बटणाने थांबत नाही.

मॅनेजर माझ्याकडे वळला. “मॅडम, नक्की काय झालं?”

तेवढ्यात पिशव्या सांभाळत नवरा गर्दीतून पुढे आला. “काय केलंस?” त्याने विचारलं. काय झालं असं नाही विचारलं. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती.

“पट्टा आपोआप उघडला,” मी म्हणाले.

मॅनेजरचा आवाज उतरला. “तपासला नव्हता तुम्ही, मास्तरीण?”

“दोनदा ओढला होता.”

“मग उघडला कसा?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लेकीचे केस सारखे करू लागले.

“मला डोकं वर आलेलं दिसलं,” त्या म्हणाल्या. “हात दिसला नाही. जे दिसलं नाही, ते मी सांगणार नाही.”

चढावर कॅमेरा नव्हता. पट्टा न तपासता गाडी सोडली, असा अर्थ झाला तर त्यांना आजच घरी जावं लागणार होतं. मॅनेजरने हे माझ्यासमोरच सांगितलं. पट्टा काढून मेकॅनिककडे दिला आणि आम्हाला मागच्या खोलीत बसवलं.

छोटी खोली. भिंतीवर पाने आणि स्क्रूड्रायव्हर ओळीने टांगलेले, प्रथमोपचाराची पेटी, चार प्लास्टिकच्या खुर्च्या. नवरा दारात उभा राहून हळूच म्हणाला, “आता नको काही बोलूस. सही करू आणि निघू. आपलं काय जातंय?”

मास्तरीणबाई समोरच बसल्या होत्या. लेक एव्हाना सावरली होती. ती त्यांना म्हणाली, “तू माझा फ्रॉक का बघतेस?”

“उसवलाय गं बाजूने. इकडे ये.”

त्यांनी पर्समधून सुईदोरा काढला. त्या आधी अठरा वर्षं शाळांचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कामाला होत्या. मापं घ्यायचं काम त्यांचं. तयार कपडे आले, दुकान बंद पडलं. मोठी मुलगी नर्सिंग शिकत होती, नवरा मालाच्या गाडीवर, महिन्यातून आठ दिवस घरी. तेव्हा पार्काची जाहिरात पाहून आल्या. हे सगळं त्या लेकीला सांगत होत्या, टाके घालत.

“मग तू मला मोजलंस तेव्हा फ्रॉक शिवणार होतीस?”

“नाही. तेव्हा तुला बसवायचं होतं.”

शेवटच्या टाक्याला त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, “शिवण खालून वर फाटलीय. दांड्यात अडकून. वर ओढल्याशिवाय अशी फाटत नाही.”

मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

“पहिल्या वर्षी एका आईने गयावया केली म्हणून मी मुलाला मांडीवर बसू दिलं,” त्या तशाच हळू बोलत राहिल्या. “वळणावर त्याचं तोंड दांड्यावर आपटलं. पुढचे दोन दात गेले. दुधाचे होते. आईने साहेबांना सांगितलं, बाईंनीच असं बसवलं. तीन महिने घरी होते मी. पण तेव्हा चूक माझीही होती, म्हणून गप्प बसले.”

“आणि आज?” मी विचारलं.

“आज माझी नाही.”

मेकॅनिक आत आला. पट्टा दहा वेळा लावून झटके देऊन पाहिला होता, एकदाही उघडला नव्हता. “पण अकराव्यांदा उघडणार नाही, असं कोण सांगणार?” मॅनेजर त्याच्या मागून म्हणाला. त्याच्या हातात फॉर्म होता. मास्तरीणबाईंच्या नावापुढे त्याने काहीतरी लिहायला सुरुवात केली होती.

“पट्टा मी उघडला,” मी म्हणाले.

“अगं—” नवरा पुढे आला.

“मी उघडला. बटण दाबलं आणि तिला मांडीवर घेतलं. बाईंनी बजावून सांगितलं होतं. मी मघाशी खोटं बोलले.”

लेक माझ्याकडे बघत होती. तिच्यासमोर हे बोलायला लागलं, हेच सगळ्यात जड गेलं.

मॅनेजरने पेन माझ्यापुढे धरलं. मी चार ओळी लिहिल्या. काही खाडाखोड झाली. त्याने वाचलं, आधीचं लिहिलेलं आडव्या रेघेने कापलं आणि म्हणाला, “म्हणजे थांबवली ते बरोबरच होतं. ही वेळ मोजत नाही, मास्तरीण. आणि मॅडम, आज तुम्हाला कुठल्याच राइडवर बसता येणार नाही.”

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

मला वाटलं, बाई आता काही बोलतील. निदान सुटल्यासारखा श्वास तरी सोडतील. त्यांनी कागद मागून घेतला, डोळ्यांपासून लांब धरून पहिल्या शब्दापासून वाचला, मग पुन्हा वाचला.

“वेळ लिहायची राहिली,” त्या म्हणाल्या.

मला काही केल्या आठवेना.

“दोन वाजून अठरा मिनिटं. गाडी थांबवायचं बटण दाबलं तेव्हा घड्याळ पाहिलं होतं.”

मी लिहिलं. त्यांनी कागद मॅनेजरकडे दिला, लेकीच्या फ्रॉकची शिवण अंगठ्याने एकदा दाबून पाहिली, आणि रिकाम्या गाडीच्या चाचणीच्या दोन फेऱ्या सोडायला बाहेर गेल्या.