कापलेली लेबलं

शिवणकारखान्याच्या आगीत लेबलवाल्या मावशींची सून गेली. जिचे शर्ट तिथे शिवले जात, त्या परदेशी कंपनीने स्वतःच्या देशातल्या कोर्टात हात वर केले: "आमचा माल तिथे शिवला जातच नव्हता."

"कंपनीच्या नावाचं एक लेबल मिळालं, तरी केस उभी राहील," वकीलबाई म्हणाल्या.

तपासणीत नापास झालेले शर्ट कामगारांना स्वस्तात मिळत, पण कंपनीच्या नावाला बट्टा नको म्हणून आधी लेबलं कापली जात. ते काम मावशींचंच. मुकादम म्हणे, "मावशी, काय सफाईने कापता! तुम्ही खिसेकापूच व्हायला हवं होतं!"

त्यांनी घरातला शर्टन् शर्ट उलटा केला.

"आई, एखादं तरी विसरायचंस गं!" मुलगा रडत ओरडला.

कॉलरच्या आत नुसती टाक्यांची भोकं होती.

"ही चालतील का हो?" वकीलबाईंना शर्ट दाखवत मावशींनी विचारलं.

"भोकांवर नाव नसतं, मावशी."

मावशींनी तरीही दुसरा शर्ट पुढे केला.