अठ्ठेचाळीस आकड्यांचे मामा

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी आजवर आपल्या लॅपटॉपमध्ये बाहेरचा एकही प्रोग्रॅम घातलेला नाही, आणि केवळ त्यामुळेच मावळ तालुका अजून शाबूत आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. "जावईबापू, समदं आतच असतंय," ते मला सांगतात. "बनवणाऱ्यानं आत घालून वरनं माती सारलेली असती. लोक येडे, उगं बाजारात हिंडत्यात." ही माती उकरण्यातच मामांची निवृत्तीनंतरची वर्षं गेली. रेल्वेच्या भांडारात नोकरी करताना त्यांनी जेवढे नटबोल्ट मोजले नसतील, तेवढी बटणं त्यांनी औंढ्याच्या घरात बसून दाबून पाहिली. याच्याबरोबर ते, त्या दोघांबरोबर तिसरं. एकदा दोन्ही हात अडकले म्हणून चौथं बटण नाकानं दाबलं, तर तिथंही काहीतरी निघालं, असं ते शपथेवर सांगतात.

सापडलेल्या वस्तूंमध्ये पहिला मान तब्येतीच्या आलेखाचा. लॅपटॉप रोज स्वतःच्या प्रकृतीला दहापैकी गुण देतो आणि ते एका कोपऱ्यात लपवून ठेवतो. मामा चहाच्या आधी ते पाहतात. एकदा मामी आजारी असल्याचं कळलं म्हणून मी फोन करून तब्येत विचारली. "कालच्यापरास झ्याक हाय, नवाला टेकली," मामा म्हणाले. मी निर्धास्त झालो. मामी तेव्हा लोणावळ्याच्या दवाखान्यात सलाईनवर होत्या. दुसरी लाडकी सोय म्हणजे फोन खिशात घालून मालक लांब गेला की मशीन आपोआप कुलूपबंद होतं. मामा दिवसातून दहादा अंगणात जातात, खिडकीतून आत डोकावतात आणि पडद्याला कुलूप पडलं की स्वतःशी टाळी वाजवतात. मामींना हे बघवत नाही. "मी चाळीस वर्सं हितं बसलीया," त्या म्हणतात, "तुमी उठलात म्हणून मी कधी बंद पडले न्हाई. त्याचं कुणाला कवतिक न्हाई."

मशीनच्या पोटात दुसरं एक कोरं मशीन उघडता येतं, हा शोध लागला त्या दिवशी तर मामा मला न्यायला स्टेशनवर आले होते. संशयास्पद वस्तू त्या आतल्या मशीनमध्ये उघडायची, वाटेल तसं वागू द्यायचं, मग खिडकी मिटली की वस्तूही गेली आणि तिनं केलेली घाणही गेली. "भाचीच्या लग्नाआधी ही सोय ठावं असती," माझ्याकडे बघत मामा हळहळले, "तर तुमास्नी आठ दिस त्यात ठिवलं असतं." आणखी एक पहारेकरी आहे, तो ठरावीक फोल्डरमध्ये अनोळखी कुणाला काही लिहू देत नाही. त्यानं एकदा खुद्द मामांनाच अडवलं. दुसरा कुणी चिडला असता. मामांनी पेढे आणले. "मलाबी सोडंना! याला म्हणत्यात इमान."

मग त्यांना सापडलं सगळ्या डिस्कला कुलूप घालणारं हत्यार. ते लावलं की मशीन एक अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली देतं. मशीनला संशय आला तर ती किल्ली मागतं, आणि ती नसेल तर आतलं सगळं कायमचं आत. ही किल्ली इंटरनेटवरच्या खात्यात ठेवता येते, पण "परक्याच्या दारात आपली किल्ली?" म्हणून मामांनी ते उडवून लावलं. स्वतःजवळ ठेवली नाही, कारण चोर पहिला आपल्यालाच धरतो. त्यांनी किल्लीचे चार तुकडे केले आणि बारा-बारा आकडे चार माणसांना वाटले. एक मी. दुसऱ्या खुद्द मामी. तिसरी, कार्ले फाट्यावर कणसं भाजणारी मावशी, कारण ती गिऱ्हाइकाशीसुद्धा बोलत नाही. आणि चौथे सुदुंबऱ्याचे धाकटे मामा.

या धाकट्या मामांशी थोरल्यांचं पाच वर्षं बोलणं नव्हतं. कारण एक कार्ड. आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाचं कार्ड थोरल्यांनी छापखान्यात न देता लॅपटॉपमधल्या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमवर स्वतः केलं, आणि शेवटच्या ओळीतलं धाकट्या भावाचं नाव चौकटीबाहेर कापलं गेलं. कार्डं वाटली गेली. धाकटे म्हणाले, मुद्दाम केलं. थोरले म्हणाले, मशीननं केलं. संपलं. तरीही किल्लीचा तुकडा त्यांनाच का, असं मी विचारलं, तर मामा म्हणाले, "जो आपल्याशीच बोलत न्हाई, तो आपल्याबद्दल दुसऱ्याशी कशाला बोलंल?" रजिस्टर पोस्टानं चिठ्ठी गेली. आत बारा आकडे. दुसरं अक्षर नाही.

गेल्या वर्षी मामांनी मशीन चालू होतानाच्या निळ्या पडद्यात शिरून, जिथं हात लावू नये तिथं हात लावला. मशीनला संशय आला. त्यानं किल्ली मागितली. मामा पहिल्यांदा खूश झाले, आणि मग एकदम खाली बसले. आत त्यांच्या आईचा आवाज होता. आवाज टिपायची सोय सापडली तेव्हा पहिल्यांदा तिच्यावरच करून पाहिली होती. दुसरी प्रत नव्हती. प्रत म्हणजे चोराला मागचं दार, हे त्यांचंच तत्त्व.

माझे आकडे गाडीच्या विम्याच्या कागदांत सापडले. मामींचे तांदळाच्या डब्याच्या झाकणात आतून लिहिलेले होते. फाट्यावरच्या मावशीनं तिचे गाड्याच्या फळीवर खडूनं ठळक लिहून ठेवले होते. "लोक फोन लावत्यात, लागत न्हाई," ती म्हणाली. तिच्या आयुष्यातलं हे सर्वात लांब वाक्य असावं. उरले शेवटचे बारा.

लॅपटॉप मांडीवर घेऊन मामा माझ्या गाडीत बसले. सुदुंबऱ्याला पोचलो, तर उतरेनात. "तुमी जाऊन इचारा." मी गेलो. धाकटे मामा नुकतेच कंपनीतून आले होते, अंगावर गणवेश तसाच. "ज्याला पायजे त्यानं यावं," ते गाडीकडे न बघता म्हणाले. मी परत आलो. थोरले मामा पाच मिनिटं गाडीचा पट्टा सोडत होते. तो पट्टा एका बटणानं सुटतो.

"जयभीम," दारातून धाकटे म्हणाले. भांडण असलं तरी तेवढा जयभीम ते कुणाला चुकवत नाहीत.

"जयभीम. त्ये आकडं..."

धाकट्यांनी भिंतीकडे बघत बाराच्या बारा आकडे धडाधड म्हणून दाखवले.

"चिट्ठी बघून सांग. येक चुकला तर उघडायचं न्हाई."

"चिट्ठी कपाटात हाय. पाठ झालंय, दादा. पाच वर्सांत येवढंच तर धाडलंत."

मामांनी एका बोटानं आकडे मारले. मशीन उघडलं. मामांनी आईचा आवाज लावला. खरखर झाली आणि म्हातारी कडाडली, "काय बोलू? ह्यो डबा ऐकतुया व्हय? सोड मला, भात उतू चाललाय!" पुढं नुसती पावलं. एवढंच होतं.

"परत लावा," धाकटे म्हणाले. सात वेळा लावलं. सातव्यांदा थोरले मामा पडद्याकडे बघतच म्हणाले, "त्या कार्डाची चौकट कोपऱ्यात धरून वढता येती. वढली की मोठी हुतीया. तवा मला ठावं नव्हतं."

"व्हय का?" धाकटे म्हणाले, आणि आत जाऊन चहा टाकायला सांगितलं.

हल्ली मामा दर महिन्याला किल्ली बदलतात. आकडे शिळे होऊ द्यायचे नसतात, हा नवा सिद्धान्त. माझा आणि मावशीचा तुकडा ते फोनवर, मामींचा ओट्यापाशी सांगून मोकळे होतात. लिहून घेतले का, हेही विचारत नाहीत. धाकट्यांचे मात्र फोनवर सांगायचे नसतात. ते कागदावर लिहून, घडी घालून, वरच्या खिशात ठेवून मामा दोन गाड्या बदलत सुदुंबऱ्याला जातात आणि जेवून संध्याकाळी परततात. परवा मी म्हटलं, "चला, मी सोडतो."

"नगं," मामा म्हणाले. "दोघंच असल्यालं बरं. सुरक्षेचा प्रश्न हाय."