आक्कांच्या वाट्याचे मीठपाणी

धणे भाजताना बायडाआक्का डोळे मिटून घेत असत. चुलीवर परातीएवढी कढई, हातात लांब दांड्याचे उलथणे आणि मान कढईपासून किंचित वळवलेली. पाहणाऱ्यास वाटावे, बाई उभ्या-उभ्या पेंगली आहे. तेवढ्यात त्या एकाएकी "आली वाट, उतरा!" म्हणून ओरडत आणि कढई खाली येई. त्यानंतर पाच मोजेपर्यंत जरी ती चुलीवर राहिली असती तरी धणे कडू झाले असते, असे जाणत्या बायका सांगत. धणे पुरते भाजल्याच्या नेमक्या वासाला आक्का 'वाट' म्हणत. डोळे मिटण्याचे कारण मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "डोळ्यास्नी रंग दिसला की ती नाकाला बोलू देत न्हाईत. रंग बाजारात इकत मिळतोय, रायटर. वास न्हाई मिळत."

मी अर्जनवीस आहे. सांगलीस कचेरीच्या आवाराबाहेर लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल गेली सत्तावीस वर्षे आहे. परिस्थितीमुळे शिक्षण नववीवर थांबले. तथापि माझ्या मसुद्यावर भाषेसाठी कोणा अधिकाऱ्याने बोट ठेवल्याचे मला स्मरत नाही. या व्यवसायात माझा एक नियम होता. अर्जात दुःख आहे त्याहून अंमळ जाड लिहावे. साहेबांच्या मेजावर शंभर कागद येतात, त्यांत बारीक दुःख दिसत नाही. दुसरा नियम असा की, अर्जात लिहिले त्याहून वेगळे अर्जदाराने तोंडाने बोलू नये. या दोन नियमांवर मी संसार केला, आणि आक्कांचे नुकसानही याच दोन नियमांनी केले. ते लिहून ठेवणे हे माझे कर्तव्य समजतो.

आक्का मूळच्या माण तालुक्यातल्या, मेंढरांमागे वाढलेल्या. मालक माधवनगरच्या गिरणीत लागले म्हणून इकडे आल्या. गिरणी गेली, मालकही गेले, आक्का राहिल्या. चटणी कुटण्याच्या डंकाशेजारी त्यांची चूल होती. आमच्या भागात वर्षाची कांदा-लसणाची चटणी उन्हाळ्यात करून ठेवतात, हे सर्वांस ठाऊक आहेच. घरोघरच्या बायका मिरची, धणे, खोबरे, तीळ घेऊन यायच्या. आक्का ते भाजून, तळून द्यायच्या आणि मग माल डंकावर जायचा. चुलीपाशी त्या कोणासही उभे राहू देत नसत. "लांब व्हा गं! तुमच्या डोक्याच्या तेलाचा वास माझ्या धण्यात येतोय," असे बड्या घरच्या सुनांनाही ऐकवत, आणि सुना हसत हसत मागे सरत.

आमच्या घरची मिरची पहिल्यांदा नेली तेव्हाची गोष्ट. मी स्वतः पारखून आणलेली ब्याडगी होती. आक्कांनी पोत्याच्या तोंडाशी नाक नेले आणि म्हणाल्या, "खाली वल हाय." मी जरा रागानेच म्हणालो, "आक्का, वरून खालपर्यंत हात घालून पाहिलंय मी." "हात कशाला घालायचा त्यो? नाक घालायचं," म्हणून त्यांनी पोते उपडे केले. तळाशी मूठभर मिरची बुरशीने पांढरी झालेली निघाली. आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे जे पाहिले ते मी येथे नमूद करीत नाही.

त्यांचा माझ्याकडे येण्याचा प्रसंग नळजोडणीच्या अर्जामुळे आला होता. मी मसुदा वाचून दाखवला. त्यात 'पाण्यावाचून जीवित धोक्यात आले असून' असे वाक्य होते. आक्का शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ब्येस लिवलंय. पर तिखाट जरा जास्तच पडलंय बगा." नळ मात्र मिळाला, आणि मी म्हणालो, "पाहा, तिखटाचा गुण!"

दोन वर्षांमागे, शिमग्याच्या आधी, त्यांना ताप-सर्दी झाली. आठ दिवसांत उठल्या, पुन्हा चुलीपाशी उभ्या राहिल्या. त्या दिवशी आमचेच खोबरे कढईत होते. सौभाग्यवती दारात, मी सायकलपाशी. आक्कांचे डोळे मिटलेले, उलथणे संथ फिरते आहे, आणि कढईतून काळा धूर वर येतो आहे. धूर त्यांच्या तोंडावरून जात होता तरी त्या तशाच, डोळे मिटून, वाट पाहत उभ्या होत्या. "आक्का, जळालं!" असे सौभाग्यवती ओरडल्या तेव्हा त्यांनी डोळे उघडले. कढईत पाहिले. मग वाकून, केस जळतील इतके नाक खाली नेले, आणि वर पाहून एवढेच म्हणाल्या, "कायच येत न्हाई, गं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून नवे खोबरे आमच्या घरी पोहोच केले. मी त्यांना व्यवहाराचा सल्ला दिला: "आक्का, कोणाला बोलू नका. रंगावर अंदाज घ्या, सीझन निभावून न्या. चैत्र तोंडावर आलाय." त्यांनी ऐकले नाही. जी बाई येई तिला सांगत, "माझं नाक गेलंय, बाई. दुसरीकडं जात आसशील तर जा. न्हाईतर माझ्यापाशी हुबी ऱ्हा, तू हुंग, मी परतती." निम्म्या बायका गेल्या. निम्म्या राहिल्या, आणि ज्या चुलीपाशी कोणास फिरकू दिले जात नव्हते तिच्यापाशी आता रोज कोणीतरी बाई नाक पुढे करून उभी असे. "आलं का?" "न्हाई अजून." "आता?" "आक्का, आता कायतरी गोडसर येतंय." "त्येच! उतर!" बायका शिकू लागल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण घरी गेल्यावर आक्का जेवत नसत, हे थोड्यांना ठाऊक होते. कालवणात त्यांना चव लागेना. पुढे पुढे तर कांदा परतला की कुजक्यासारखी घाण येऊ लागली. ज्या वासावर त्यांनी उभे आयुष्य काढले, नेमका तोच ओकारी आणू लागला.

त्याच सुमारास वर्तमानपत्रात एक सूचना माझ्या वाचनात आली. मिरजेस एका रुग्णालयात, तापानंतर वास गेलेल्या माणसांवर नव्या उपचाराचा अभ्यास होणार होता. इच्छुकांनी समक्ष यावे, असे म्हटले होते. समक्ष जाणे पुरेसे होते. परंतु अर्जाशिवाय अशा ठिकाणी जाणे माझ्या मनास पटले नाही. मी दोन पानी अर्ज तयार केला. त्यात अर्जदार बालपणापासून सर्दीने ग्रस्त असल्याचे, नाकात मांस वाढल्याची तक्रार असल्याचे, तसेच पूर्वी डोक्यावर पडून मार लागल्याचे लिहिले. यांतले एकही खरे नव्हते. "आणि आक्का, आत विचारतील तेव्हा यातलंच सांगायचं. कागदाला धरून राहायचं." आक्का म्हणाल्या, "मी कवा पडली डोक्यावर?" मी म्हणालो, "ते माझ्यावर सोडा." त्यांनी माझ्यावर सोडले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलण्यास मृदू. त्यांनी अर्ज वाचून विचारले, "आजी, डोक्याला मार लागला होता?" आक्का माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "व्हय. कागदात हाय तसं." डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, "मग या अभ्यासात तुम्हांला घेता येणार नाही. आम्हांला फक्त तापाने वास गेलेली माणसं हवी आहेत. डोक्याचा मार, जुनी सर्दी, नाकातली वाढ असेल तर वास कशामुळे गेला ते सांगता येत नाही."

परतताना एस.टी.त आक्का खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. निम्मा रस्ता मागे पडला, तेव्हा म्हणाल्या, "रायटर, तुमी माझ्यासाठीच क्येलं. पर त्या पोरीला खरं कळलं पायजे हुतं. तिला चटणी करायची हाय न् तुमी तिला मिरचीत इटकर घालून दिली."

मी सत्तावीस वर्षांत इतका ओशाळलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी कोणास न सांगता मिरजेस गेलो आणि तो अर्ज मी लिहिला आहे, त्यातील मजकूर खोटा आहे, असे डॉक्टरांना तोंडी सांगितले. लेखी देण्याची माझी तयारी होती. त्यांनी मागितले नाही. त्या रागावल्या नाहीत, परंतु म्हणाल्या, "पहिली तुकडी काल भरली. सहा महिन्यांनी दुसरी घेऊ. तोवर एक गोष्ट सगळ्यांनाच करता येते." आणि त्यांनी वासाचा सराव समजावला: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, चार वास, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वास थोडा वेळ शांतपणे हुंगायचा आणि हुंगताना तो वास मनात आठवायचा. नाकाच्या अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, वास ओळखणाऱ्या तंतूंचा टिकलीएवढा पट्टा असतो. तापाने त्याच्या आधाराच्या पेशी दुखावतात. तंतू पुन्हा उगवू शकतात, परंतु मेंदूशी त्यांची ओळख नव्याने व्हावी लागते, म्हणूनच कांद्याचा वास घाणीसारखा येतो, असेही त्यांनी सांगितले.

हे मी आक्कांना जसेच्या तसे सांगितले. त्या विचार करून म्हणाल्या, "म्हंजी मेंढरं माघारी आल्यात, पर आपापला वाडा इसरल्यात. कळलं. हाक मारत ऱ्हायचं." आणि त्या हाक मारत राहिल्या. कोनाड्यात चार बाटल्या मांडल्या. सकाळी आंघोळ झाली की एकेक उघडून, "लवंग... लवंग..." असे पुटपुटत हुंगायच्या. तीन महिन्यांनी एके दिवशी माझ्या टेबलापाशी आल्या, पक्षकार बसलेला असताना मध्येच म्हणाल्या, "लवंग आली." पक्षकारास काही उमगले नाही. मी मात्र लेखणी खाली ठेवली.

दुसऱ्या तुकडीच्या वेळी आक्का कागदाशिवाय गेल्या. मी सोबत होतो, पण तोंड मिटून. डॉक्टरांनी दुर्बिणीने नाक तपासले, सगळे पुन्हा विचारले, आणि आक्कांनी लवंग येते, लिंबू येत नाही, इथपर्यंत खरे ते सांगितले. मग डॉक्टर म्हणाल्या, "आजी, नीट ऐका. निम्म्या लोकांना त्यांच्याच रक्तातून काढलेला अर्क नाकात वर टोचणार. निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं हे तुम्हांलाही कळणार नाही, मलाही नाही. शेवटी सांगू. चालेल?"

मला हे अन्यायाचे वाटले आणि मी तोंड उघडणार होतो. आक्काच म्हणाल्या, "न चालाया काय झालं? नवी मिरची आली की मी बी एक घाणा जुन्या मिरचीचा करून बाजूला ठिवती. त्याबिगर नवी चांगली का वाईट कसं कळायचं?" डॉक्टर हसल्या. "आजी, हे समजवायला मला अर्धा तास लागतो," त्या म्हणाल्या.

अभ्यास संपल्यावर माझ्या पत्त्यावर रुग्णालयाचे पत्र आले. आक्कांचे गुडघे तेव्हा धरले होते, म्हणून मीच माधवनगरास गेलो आणि त्यांच्या चुलीपाशी बसून लिफाफा उघडला. तोपर्यंत त्यांना लवंग, निलगिरी आणि थोडा गुलाब कळत होता. कांद्याची घाण कमी झाली होती. धण्याची ती वाट मात्र आलेली नव्हती, आणि तिच्याच आशेवर त्या होत्या. पत्रात स्पष्ट होते: 'आपणांस मिठाचे पाणी देण्यात आले होते.' खरे सांगतो, वेगळे वाचावे असे माझ्या जिभेवर आले होते. त्यांना वाचता येत नव्हते. कोणास कळले नसते. पण मी जसे होते तसे वाचले.

आक्का चुलीतली राख काडीने उकरत होत्या. "पाणीच व्हय," म्हणाल्या. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत. मग म्हणाल्या, "कुणाच्या तरी वाट्याला यायचंच हुतं. लिवा तिला. म्हणावं, पाणी पोचलं. म्हातारीला थोडं थोडं येतंय त्ये सरावाचं. आनि पुन्हा माणसं लागली तर बोलवा. अर्कच पायजे आसं कायबी न्हाई." मी लिहिले. सत्तावीस वर्षांत काहीही न मागणारे पत्र मी तेवढे एकच लिहिले, आणि खाली संपर्कासाठी माझा फोन नंबर दिला.

त्या पावसाळ्यात आक्का झोपेतच गेल्या. चुलीपाशी शिकलेल्या बायका आता आपापल्या घरची चटणी स्वतः भाजतात.

गेल्या महिन्यात मला फोन आला. "बायडाबाई आहेत का? नवीन अभ्यास सुरू होतोय, त्यांनी बोलवा म्हणून कळवलं होतं." डॉक्टरांचा आवाज मी ओळखला. आक्का गेल्याचे सांगितले. फोन ठेवण्यापूर्वी माझ्या तोंडून निघून गेले, "मॅडम, ज्यांचं नाक चांगलं आहे अशी माणसं लागतात का तुम्हांला? ताडून पाहायला?"

"लागतात की," त्या म्हणाल्या. "ती तर मिळतच नाहीत."

सोमवारी मी मिरजेस गेलो. त्यांनी पूर्वीचे आजार विचारले. एकदा कावीळ, आणि तंबाखू आहे, असे मी सांगितले. "आणखी काही?" त्यांनी विचारले. मी आठवून पाहिले. आणखी काही नव्हते, म्हणून नाही म्हणालो.