घरची जोड, बाजारची जोड

ढोकीचे तात्याराव चाळीस वर्षं बैलबाजारात पारखी म्हणून मिरवले. 'लहानपणापासून एकत्र वाढलेली घरची जोड आहे' अशी शपथ दलालानं घेतली, की तात्याराव बैलांच्या दातांकडं बघायचेही नाहीत. मऊ मातीत खुंटीभोवती जोड फिरवायला सांगायचे आणि नंतर उमटलेली वाट बघत बसायचे, कलेक्टरनं नकाशा बघावा तशा थाटात. गोल उमटली तर घरची. लांबट उमटली तर बाजारची, परवाच एकत्र जुंपलेली.

आता ट्रॅक्टर आले. तात्याराव वाट बघतात ती लेकीच्या फोनची.

नंदा जर्मनीत ताऱ्यांवर संशोधन करते. दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो आणि जेवण, गोळ्या, हवापाणी एवढ्यावर सात मिनिटांत संपतो. गावभर न मागता सल्ले देणाऱ्या या माणसाला 'कधी येतेस' एवढं विचारायला तीन वर्षं जमलेलं नाही.

परवा तिनं कामाचं सांगितलं. दोन विझलेले, भयंकर जड तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात आणि शेवटी एक होतात. शेवटी त्यांची वाट गोल असली, तर ते बहुतेक जन्मापासूनचे सोबती. युगानुयुगं फिरून वाट गोल झालेली. लांबट असली, तर ताऱ्यांच्या गर्दीत उशिरा गाठ पडलेली.

"म्हंजे बाजारची जोड म्हण की."

"काय, दादा?"

तात्यारावांनी खुंटीपासून सगळं समजावलं. नंदा हसून हसून दमली.

"इकडं नोकरी लावू का तुम्हाला?"

"ते ऱ्हाऊ दे. लांबट वाटंच्या जोडीचं पुढं काय होतं?"

"लवकर संपतं, दादा. वाट गोल व्हायला वेळच मिळत नाही."

 नंदाच्या आईशी, सुमनबाईंशी, तात्यारावांचं लग्न चाळिशीत झालं आणि अकरा वर्षांत त्या गेल्या.

"आमालाबी न्हाय मिळाला," ते म्हणाले.  मग त्यांनी विचारलंच, "नंदे, कधी येतेस?"

"मे महिन्यात येते, दादा. नक्की."

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या घरातून डोकावलो, तर तात्याराव तोंडाला उपरणं बांधून तिची खोली झाडत होते.

"तात्या, आत्ता कुठं सप्टेंबर लागलाय."

"व्हय. पण धूळ लई हाय."