चुन्याखालच्या खुणा

आमच्या शेजाऱ्याचं ‘वाळवी’ हे नाव मी ठेवलं. जुनी इमारत पाडायची असली की लोक त्याला बोलावतात. तो आत शिरतो, आणि बाहेर येतो तेव्हा इमारत नसते. फरक इतकाच, की खरी वाळवी लाकूड संपवते आणि ही घरी आणते. अंगणात दारं, जिने, तुळया अशा रचलेल्या की वहिनींना कपडे आमच्या दोरीवर वाळत घालावे लागतात. दोरीच्या बदल्यात मी त्यांच्याकडे चहा पितो. बातम्याही तिथंच मिळतात.

त्यातलीच एक : त्यांची लेक संसार आवरून कायमची माहेरी येत होती. का, ते गल्लीत सगळ्यांत आधी मला कळलं होतं, पण सांगणार नाही. माझ्या जिभेलाही क्वचित हाड फुटतं. वाळवी एवढंच म्हणाला, “पाहुणीसारखी बाहेरच्या खाटेवर नाही झोपायची ती. तिची खोली पाहिजे.” घरामागे जागा होती आणि वस्तीबाहेर धान्याचं एक जुनं कोठार पाडायला निघालं होतं. त्याचा सांगाडा उतरवून जसाच्या तसा मागं उभा करायचा, असा त्यानं घाट घातला.

त्या सांगाड्यात एकही खिळा नव्हता. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत, आणि आरपार लाकडी खुंटी. हातानं कोरलेल्या खाचा दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीचं दुसरीला चालत नाही. म्हणून उतरवताना वाळवीनं प्रत्येक सांध्यावर कोळशानं आकडे घातले. चुन्याच्या पांढऱ्या थरांवर ते ठसठशीत दिसायचे.

मग सगळी लाकडं घरामागे आणून टाकून तो पायाचे दगड आणायला गेला, आणि वहिनींनी पदर खोचला. लेकीच्या खोलीला उंदरांचा वास? गरम पाणी, साबण, तारेचा ब्रश. मी दोरीपलीकडून म्हटलं, न्हाऊ घालताच आहात तर पावडरही लावा. निम्मा ढीग धुऊन झाला तेव्हा वाळवी परतला.

“आकडे कुठं गेले?”

“कसले आकडे? तो काळा मळ होता तो?”

लेक दोन दिवसांवर आलेली. त्यानं एक तुळई खांबाला लावून पाहिली, दुसरी पाहिली. तिसरीला जोर दिला तेव्हा खाचेची कड चरचरली. तो हातोडा ठेवून दगडावर बसला.

अर्धं धुतलेलं वहिनींना बघवत नाही, म्हणून त्या पुन्हा घासायला लागल्या. घासता घासता म्हणाल्या, “अहो, इथं कुणीतरी ओरबाडलंय.”

ओरबाडलेलं नव्हतं. चुन्याखाली पटाशीनं कोरलेल्या दोन रेघा होत्या आणि शेजारी अर्धा चंद्र. वाळवी एका खांबापाशी धावला, खाचेजवळचा चुना नखानं खरवडला. दोन रेघा, अर्धा चंद्र.

जुने सुतार अशा खुणा करायचे, हे तो आम्हाला नेहमी सांगे, आणि आम्ही दोघं ती त्याची थाप समजत होतो. आता तिघंही घासत सुटलो. मी तर घरून दात घासायचा ब्रश आणला. तीन रेघा. फुली. फुलीवर टिंब. खुणेला खूण लावून तुळई सरकवली की ती हाताच्या थापेनं आत जाई. दरवेळी एकच जाड ‘धप्प’. त्या सुतारानं हे आमच्यासाठी केलं नव्हतं. त्याला त्याचं कोठार उभं करायचं होतं. आमच्या पणज्याच्याही आधी कधीतरी तो गेला असेल, आणि इथं, ओल्या लाकडावर, त्याचं बोट आम्हाला दाखवत होतं : ही इथं.

आढ्याच्या टोकाला मात्र रेघ नव्हती. लांब नाकाचं एक तोंड होतं. जोडीच्या खांबावर तेच तोंड, तेच नाक. कुणीतरी कुणाची तरी थट्टा करत काम केलं होतं. माझ्याच जातीचा माणूस.

लेक आली तेव्हा भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. नुसता सांगाडा ठाम उभा होता. ती आत गेली, खांबावरून हात फिरवता फिरवता वर त्या नाकाकडे बघत थांबली.

“हे कोण?”

वहिनींनी माझ्याकडे बोट केलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, नाकाकडे पाहिलं, आणि हसू दाबत पिशवी त्याच खांबाला टेकवून ठेवली.