खिळ्यावरचा फोटो

सिनेमात मी चार वेळा मेलो. तीनदा गोळीने, एकदा ट्रकखाली. पाचव्या सिनेमात तर मरायचीही संधी मिळाली नाही, पण ते पुढे सांगतो.

त्याआधी मी नागपुरात रॅप करायचो, आपल्याच बोलीत. कन्हान नदीच्या पुलाखाली मित्राच्या मोबाइलवर काढलेलं एक गाणं चाललं आणि मुंबईहून बोलावणं आलं. पहिल्या सिनेमात मी हिरोचा मित्र. मध्यंतराआधी मेलो, तर आमच्या पोरांनी टॉकीज डोक्यावर घेतलं. चौकात माझा फ्लेक्स लागला, हिरोपेक्षा मोठा. मी हवेत होतो, खोटं कशाला बोलू? पण त्यानंतर आलेली प्रत्येक भूमिका मित्राचीच. मी मेलो की हिरोला राग यायचा आणि मग खरा सिनेमा सुरू व्हायचा. पानठेल्यावर विचारायचे, "काहून गा, या खेपेले कायनं मेला?"

पाचव्या सिनेमासाठी सिनेमावाल्यांना माझा घरचा, जुना फोटो हवा होता. आई अंगणवाडीत शिकवते. तिने भिंतीवरचा माझा कॉलेजातला फोटो स्वतः खिळ्यावरून काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. मी तीन दिवस शूटिंग केलं. एक अख्खं रॅप होतं, माझं स्वतःचं.

सिनेमा लागला तेव्हा आई अंगणवाडीतल्या सगळ्या बायांना घेऊन आली. आम्ही वाट पाहत बसलो. माझं रॅप नाही, माझा एक शब्द नाही, सगळं कापलेलं. हिरोच्या घरातल्या भिंतीवर फक्त माझा फोटो होता आणि त्याला हार. मी सुरुवातीलाच मेलेलो होतो.

आई भर टॉकीजात उभी राहिली. "जित्या पोराच्या फोटोले हार घालते का कोणी?" लोक हसले. मला आधी तिचीच लाज वाटली, आणि त्या लाजेची लाज मला आजही वाटते. मग जो राग आला, तो पडद्यावरच्या कुठल्याही हिरोला आला नसेल.

महिन्याभरात पुढचा फोन आला. पुन्हा मित्र, या वेळी भूमिका मोठी, मरण शेवटाकडे. मी म्हणालो, "सर, मी मरणार नाही."

दिग्दर्शक समजावू लागले, "अरे, तू मेल्याशिवाय हिरोला राग कसा येणार?"

"दुसऱ्या कशाचा तरी येऊ द्या."

झालं. फोन यायचे बंद झाले. दीड वर्ष मी कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये गात हिंडलो. लोक म्हणाले, याची हवा निघाली. निघाली तर निघाली. मोबाइल मात्र मी दर तासाला बघायचो, तेही कबूल करतो.

भिंतीवरचा खिळा रिकामाच होता. आईने तिथे दुसरं काही लावू दिलं नाही. शेवटी मी फोटो परत आणायला मुंबईला, त्या पाचव्या सिनेमावाल्यांच्या ऑफिसात गेलो. सामान सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "फोटो देता येणार नाही. दुसऱ्या भागात लागेल."

"दुसऱ्या भागात मीच येतो की!"

त्या हसल्या. मी हसलो नाही. कपाटावर धूळ खात पडलेला फोटो उचलला, हारासकट काखेत मारला आणि निघालो. कोणी अडवलं नाही. रेल्वेच्या डब्यात समोरच्या काकूंनी एकदा हाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि गपचूप जागा बदलली.

हार प्लास्टिकचा होता, फ्रेमला गोंदाने चिकटवलेला. आईने तो विळीवर कापला. काचेवर गोंदाचे दोन डाग राहिले, ते काही केल्या जात नाहीत. फोटो पुन्हा खिळ्यावर गेला.

गेल्या आठवड्यात एका नव्या सिनेमावाल्याचा फोन आला. काम कसलं ते सांगायच्या आधीच तो म्हणाला, "एक फोटो पाठवून द्या."

आई भाजी निवडत होती. फोन स्पीकरवर होता. मी तोंड उघडायच्या आत ती जोरात बोलली, "फोटो नाई भेटत म्हणा. पोरगं हाये घरी, जितं. पाहिजे असन त त्यालेच घेऊन जा!"

मी फोन कानाला लावला आणि म्हणालो, "ऐकलंत ना? तेच माझं उत्तर आहे."